दुःखाची रजा

आई पहाटे वारली आणि सकाळच्या पाळीला यमुना खैरनारचा रजेचा अर्ज यंत्राने नाकारला. कारखान्याच्या अधिकारी सुपेकर मॅडमनी पडदा तिच्याकडे वळवला.

“तुझ्या मनगटातली चकती समाधान नऊ दाखवतेय. दुःखाची रजा चारच्या खाली मिळते.”

“चकतीच दुःख पुसते, मॅडम. जरा भरून आलं की औषध सोडते. तासभर काढा ना ती.”

“ती काढली तर नोकरीही निघते. आणि तक्रार कसली? आमच्या वेळी रडून रडून बायांचे डोळे सुजायचे.”

यमुनाने डोळे मिटले. आईच्या भेगाळलेल्या टाचा तिने आठवल्या, कांद्याच्या वाफ्यातून येणारी तिची चिडकी हाक आठवली. छातीत काहीतरी काळे, ओले दाटू लागले. पडद्यावरचा आकडा आठ झाला, सात झाला. मग मनगटात मुंगी चावल्यासारखे झाले आणि पाटीवरचे अक्षर ओल्या बोटाने पुसावे तसे ते सारे पुसले गेले. आकडा पुन्हा नऊवर स्थिरावला.

तेवढ्यात सटाण्याहून थोरल्या भावाचा फोन आला.

“यमे, कुठवर आलीस? तिरडी बांधून झाली. माणसं उन्हात उभी आहेत, तुझ्यासाठी थांबवलंय.”

यमुनाला हंबरडा फोडायचा होता. त्यासाठी तिने श्वासही भरून घेतला.

“थांबू नका, दादा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज सणाच्या सकाळसारखा स्वच्छ निघाला. “आटपून घ्या. मी मजेत आहे.”



“पुन्हा आमच्या दारात येऊ नकोस,” दादा म्हणाला.

“बरं, दादा,” यमुना तितक्याच प्रसन्नपणे म्हणाली.