मानाचं बोलावणं

सटवाजींनी धाकट्या लेकीच्या लग्नाची पत्रिका थोरल्या जावयाला व्हॉट्सॲपवर धाडली आणि तिथंच बिनसलं. "कुंकू न्हाई, अक्षता न्हाई. मी काहून जाऊ?" म्हणत भागवतरावांनी बायकोला एकटीलाच पाठवलं.

पण भागवतराव पोटापाण्यासाठी लग्नांमधले चोपदार. मालकानं नेमकी जवळा बाजारला, मेव्हणीच्या लग्नाच्याच कार्यालयात ड्यूटी लावली. मग काय, खोट्या मिशा चिकटवून, फेटा भुवयांपर्यंत ओढून, चांदीचा मुलामा दिलेला दंड आपटत ते नव्या नवरदेवापुढं राजेशाही थाटात चालले. खुद्द बायकोनंही ओळखलं नाही, म्हणून स्वारी आतून खूश.

एवढ्यात सटवाजींनी मानकऱ्यांची यादी हातात दिली. "चोपदार, एकेक नाव दणक्यात पुकारा."

पहिलंच नाव त्यांचं स्वतःचं! इलाजच नव्हता. दंड तीनदा आपटून ते गरजले, "होश्शियार! घरचे थोरले जावई, शिरड शहापूरचे श्रीमंत भागवतराव मंचावर येत आहेत!"

सटवाजी हळूच त्यांच्या कानाशी लागले.

 

"जावईबापू, याच्यापेक्षा मानाचं बोलावणं मला काही जमायचं न्हाई. चला आता."