नऊ नंबरची टाकी

"नऊ नंबरचा व्हॉल्व्ह मी उघडणार नाही."

ताई टाकीसमोर उभी होती, हातात खाद्याची बादली. सर तिच्यापेक्षा चांगले हातभर उंच. तरी ती मान वर करून थेट त्यांच्याकडे बघत होती.

सर म्हणजे शास्त्रज्ञ. ताई म्हणजे त्यांची सख्खी मोठी बहीण, त्याच मत्स्य संशोधन केंद्रात माशांना खाद्य टाकायच्या कामाला. घरी ती त्यांना बाळ्या म्हणायची, चारचौघांत सर. दोघं शेजारी उभे राहिले की असिस्टंट पोरगी हमखास बोलायची, "सर, तुम्ही दोघं एकाच आईचे? की सॅम्पल बदललंय?" सर हसायचे. "मी आजोबांवर गेलोय. रक्तातच असावं लागतं ते."

रक्तातलं ओळखणं हेच तर सरांचं काम. बारा टाक्या. एका टाकीत एकाच जोडीची चाळीस पिल्लं. ती वाढली की एकेक मासा वजनकाट्यावर. प्रत्येक टाकीतला सगळ्यात मोठा तेवढा ठेवायचा, पुढच्या पिढीचा आईबाप म्हणून. बाकीचे बाजारात. पाच पिढ्या हेच चाललेलं. मासे मोठे झाले, खोटं कशाला बोला. पण मरायलाही लागले. शेपट्या कुरतडलेल्या, अंगावर जखमा. सरांनी औषध टाकलं, पाणी बदललं, पंप बदलला. ढिम्म फरक नाही. आज दुपारी समिती येणार होती. पुढच्या पिढीचे आईबाप त्यांच्यासमोर ठरणार आणि ती पिढीही अशीच मेली तर संशोधन बंद, टाक्या दुसऱ्याला. आठ वर्षं पाण्यात.

नऊ नंबरमध्ये एकही दांडगा मासा नव्हता. सगळे मध्यम. म्हणून व्हॉल्व्ह उघडून तीच आधी रिकामी करायची होती. सरांनी खडूनं तिच्यावर तसं लिहूनही टाकलेलं.

"ताई, वेळ नाहीये. बाजूला हो."

"सर, त्यांच्या शेपट्या बघा आधी."

"बघितल्यात."

"कधी? काट्यावर?"

सरांचं डोकं सटकलं. "सातवीतून शाळा सोडलेल्यांनी मला मासे शिकवायचे नाहीत!"

असिस्टंट पोरगी हातातल्या जाळ्याची भोकं मोजायला लागली. ताईनं शाळा सोडली नव्हती, बाळ्याला शिकवायला घरच्यांनी तिला काढलं होतं. हे तिथं दोघांनाच माहीत होतं.

ताई चिडली नाही. बादली तिनं पुढे केली. आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर म्हणाली, "बाळ्या, तू त्यांना काट्यावर बघतोस. मी जेवताना बघते. खाद्य टाक आणि गप उभा राहा."

सरांनी रागारागात मूठ भरली आणि चार नंबरच्या टाकीत टाकली. चार नंबर म्हणजे त्यांचा अभिमान. अख्ख्या केंद्रातला सगळ्यात वजनदार मासा तिथलाच.

तो आलाच. खाद्य पडलं तो कोपरा त्यानं धरला. दोन घास खाल्ले आणि मागे वळला. जो जवळ येईल त्याच्या शेपटीला चावा. एक आला, चावा. दुसरा आला, चावा. बाकीचे कडेकडेनं फिरत राहिले. खाद्य भिजून तळाला गेलं, तेव्हा कुठे त्यांच्या तोंडाला थोडं लागलं. तो स्वतः खात कमी होता, हाकलत जास्त होता.

सरांनी दुसरी मूठ नऊ नंबरमध्ये टाकली. चाळीसच्या चाळीस वर आले. खाल्लं. गेले. कोपरा कुणाचाच नव्हता.

सर टाकीच्या कठड्याला धरून उभे राहिले. पाच पिढ्या त्यांनी जास्त वाढणारा मासा निवडलाच नव्हता. दुसऱ्याला वाढू न देणारा निवडला होता. बाकीच्या टाक्या भरल्या होत्या त्या असल्यांच्याच पोरांनी.

"नऊ नंबरच्या वजनांची बेरीज कर," ते असिस्टंटला म्हणाले. "अख्ख्या टाकीची. मग बाकी सगळ्या टाक्यांची."

टाकीची बेरीज आजवर कुणी केलीच नव्हती. सगळ्यांची नजर कायम पहिल्या नंबरवर. पोरीनं मोबाइलवर आकडे मारले. पुन्हा मारले.

"सर, नऊ सगळ्यात जड भरतेय. आणि हिच्यातला एकही मेलेला नाही."

सरांनी शर्टाच्या बाहीनं खडू पुसला. वर लिहिलं, 'ही ठेवा. अख्खी.'

"समितीला काय सांगायचं?" पोरीनं विचारलं.

"चुकलो म्हणून सांगायचं."

"पाचही पिढ्या?"

"पाचही."

जेवायच्या सुट्टीत बहीणभाऊ पंपाच्या खोलीत बसले. रोजच्यासारखा ताईनं आणलेला एकच डबा, दोघांच्या मधे. समिती यायची होती म्हणून सर भराभर खात होते. मघाचं बोलणं त्यांनाच टोचत होतं. पण सॉरी म्हणायची सवय नव्हती. म्हणून दुसरंच विचारलं.

"इतकी शिकलेली माणसं इथे. इतकी मशिनं. कुणालाच दिसलं नाही. तुला कसं गं कळलं?"

ताईनं डबा अजून थोडा त्यांच्याकडे सरकवला. सवयीनं.

"लहानपणी आपण चौघं भावंडं एकाच ताटात जेवायचो ना," ती म्हणाली. "तुझ्यासमोर मी बसायचे."