वीस मिनिटं मागे

“अंकल, तो घड्याळ परत वीस मिनिट मागे आहे,” मालविका म्हणाली.

“तो नाही, ते घड्याळ,” सोलोमन ताडकन म्हणाला. “आणि मी त्याला हात लावलेला नाही.”

नॉटिंगहॅमच्या त्या केअर होमची मालविका मॅनेजर. जन्म इथलाच, मराठी घरापुरती. ईवाच्या खोलीतल्या घड्याळात सहा वाजले की पाहुण्यांनी निघायचं, मग तिच्या गोळ्या. महिनाभर गोळ्यांना रोज उशीर होत होता. आणि ईवाला भेटायला येणारा माणूस एकच, तिचा नवरा सोलोमन.

“तुम्हाला आंटीजवळ जास्त बसायचंय, आय गेट इट. पण मंडेला सगळे घड्याळ नेटवर्कवर जाणार. त्याच्या आधी परत असं झालं, तर तुम्ही फक्त संडेला यायचं.”

सोलोमनचं डोकंच फिरलं. अडतीस वर्षं इलेक्ट्रिकल इंजिनियर म्हणून त्याने स्टेशनांवरची घड्याळं एका वेळेवर आणली होती. अर्ध्या सेकंदासाठी साहेबांशी कडाकडा भांडला होता. आणि म्हणे तो वीस मिनिटं चोरतो!

“मला चोर म्हणतेस? तेही वेळेच्या बाबतीत? अगं, दारातून हाकललंस तर खिडकीबाहेर उभा राहीन, पण रोज येईन!”

घड्याळ त्याने दोनदा खोललं होतं, सेलही बदलला होता. बिघाड काही सापडला नव्हता. आता मालविकाच्या देखत त्याने ते सेकंदावर जुळवलं, ईवाच्या उशाशी ठेवलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

ईवा नुसती बघत होती. दोन वर्षांत तिने त्याला एकदाही ओळखलं नव्हतं.

“थँक यू, डॉक्टर,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ऑक्टोबर संपला होता, अंधार लवकर पडायचा. शब्बाथचे, ज्यूंच्या पवित्र दिवसाचे, दिवे सूर्य बुडायच्या आत लावायचे, म्हणून एरवी चारला येणारा सोलोमन तीनलाच आला. ज्योतीला इथे बंदी, तेव्हा खिशात बॅटरीचे दोन दिवे.

दार अर्धवट उघडं होतं. ईवा पलंगावर बसली होती. मांडीवर घड्याळ पालथं घालून ती मागची काटे जुळवायची चकती बोटाने हळूहळू फिरवत होती.

पाऊल वाजलं तशी तिने दचकून वर पाहिलं.

“अहो, आज लवकर कसे?” ती कुजबुजली. “दार लावा आधी. त्या पोरीने बघितलं, तर तुम्हाला सहाच्या ठोक्याला हाकलेल.”