गोठ्यातले मुकुट

"अहो, कानामागचा रंग गेला नाही अजून," म्हणत कुप्पम्माळ खोबरेल तेलाचा बोळा घेऊन नवऱ्याच्या मागे लागली.

एकांबरमने निमूट मान वाकवली. काल तो पलीकडच्या गावात दुर्योधन झाला होता. आज त्याला भाताच्या गिरणीतला मुकादम व्हायचं होतं, आणि हे सोंग त्याला जास्त जड जात होतं.

कूत्तू हे महाभारतातल्या कथांचं रात्रभराचं लोकनाट्य करणाऱ्यांत तमिळनाडूतल्या चेय्यारच्या पट्ट्यात त्याचं नाव मोठं. लोक त्याला वाद्यार म्हणजे गुरुजी म्हणत. पण मुलगी मागायची वेळ आली की तेच लोक म्हणत, "तोंड रंगवून गावोगाव नाचणाऱ्याशी सोयरीक? नको रे बाबा!" त्याच्या मुलीची, अंजलैची, तीन स्थळं अशीच हातची गेली. पोरगी अठ्ठाविशीला आली. आजचं स्थळ लांबचं होतं, इकडची फारशी माहिती नसलेलं. कुप्पम्माळने सकाळीच लाकडी मुकुट, बाहुभूषणं, चाळ सगळं पोत्यात भरून शेजारच्या गोठ्यात पेंढ्याखाली लपवलं होतं.

पाहुणे बसने आले. गोविंदसामी, त्याची बायको राजकोडी आणि मुलगा तनिकाचलम. मुलगा सडपातळ, खालमानेने बसणारा. केस खांद्यापर्यंत वाढलेले.

"नवसाचे आहेत," राजकोडी घाईने म्हणाली.

अंजलैने शिरा आणि भजी आणली. बशी घेताना तनिकाचलमने हळूच विचारलं, "तुम्ही खाल्लंत का?" आजवर बघायला आलेल्या एकानेही तिला हे विचारलं नव्हतं. आत जाताना ती हसली. बापाने ते पाहिलं आणि त्याचा जीव आणखीच टांगणीला लागला.

गोविंदसामीने घसा साफ केला. "अण्णा, कुणीतरी म्हणत होतं, तुमच्या घरात कूत्तू आहे."

"वडिलांच्या काळी होतं. त्यांच्याबरोबर गेलं."

"आणि तुम्ही?"

"छे! मी आपला गिरणीत."

"पण मुकुटबिकुट असतील की जपून ठेवलेले?"

"चुलीत घातले. पाणी छान तापलं."

गोविंदसामी हसला नाही. राजकोडीने विचारलं, "म्हणजे कधी बघायलासुद्धा जात नाही?"

बाई पाठ सोडायला तयार नव्हती. कुप्पम्माळला वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे. ही ताकाला जाऊन भांडं लपवते आहे. तिने नवऱ्याला डोळ्याने खुणावलं.

एकांबरम शेवटी नटच. एकदा भूमिका घेतली की अर्धी सोडणं त्याला जमायचं नाही. तो आवाज चढवून म्हणाला, "वहिनी, स्पष्टच सांगतो. मिशा काढायच्या, साडी नेसायची आणि रात्रभर कंबर हलवायची, हे काय पुरुषाचं काम? असल्याला मी उंबऱ्याच्या आत घेत नाही. आमच्या अंजलैला तर शिसारी येते त्यांची!"

दाराआड अंजलै काहीतरी बोलायला पुढे झाली. आईने तिचा दंड धरून ठेवला.

बोलून झाल्यावर एकांबरमला स्वतःची लाज वाटली. वर्षानुवर्षं त्याच्यासमोर द्रौपदी होऊन उभा राहिलेला मुरुगेसन मागच्याच वर्षी वारला होता. त्याला खांदा देताना हाच एकांबरम ढसाढसा रडला होता. पण पोरीच्या लग्नाचा प्रश्न होता.

तनिकाचलमने हातातलं भजं बशीत परत ठेवलं.

कॉफी झाली. राजकोडीच्या पिशवीत मोगऱ्याचा गजरा दिसत होता. मुलगी पसंत असली तर सासूने तो तिच्या केसांत माळायचा. राजकोडीने पिशवीचं तोंड मुडपलं आणि "कळवतो हं," म्हणत ती उठली.

एकांबरम थांब्यापर्यंत मागोमाग गेला. "अण्णा, आमचं काही चुकलं का?"

"छे, छे. तुम्ही स्पष्ट बोललात, बरं झालं," गोविंदसामी म्हणाला आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवून बसमध्ये चढला.

राजकोडी खिडकीशी बसली. एकांबरमने खिडकीची दांडी धरली. "वहिनी, पोरगी आवडली नाही का हो?"

"लाखात एक आहे तुमची पोर."

"मग?"

बस हलली. राजकोडीने पदराने डोळे टिपले. "आमचा हा द्रौपदी करतो हो. सगळीकडून नकार आले, म्हणून मुद्दाम कूत्तूवाल्याचं घर शोधत आलो होतो."