खडसाची चव

सरकारी केंद्रात वाढवलेली खडस माशाची पिल्लं काळू नदीच्या डोहात सोडली, तेव्हापासून म्हाताऱ्या मंगळूच्या मनात पाल चुकचुकत होती. नदीतून कधीचा नाहीसा झालेला मासा टाकीत कसा जन्मेल?

"हे आपले नाय. कुठले तरी आणून टाकलेत," तो पाड्यावर सगळ्यांना सांगायचा.

पिल्लं चांगली मोठी झाल्यावर खात्री करायला त्याने एक मासा गळाला लावून आणला. त्याच्या बायकोने, भिमीने कालवण केलं. पहिला घास तोंडात गेला आणि मंगळूचा हात ताटातच थांबला.

"तोच हाय गो," तो भिमीला हळूच म्हणाला.

सकाळी सगळा पाडा विचारायला दारात जमला.



"निस्ता गाळाचा वास मारतो," मंगळू तोंड वाकडं करून म्हणाला. "कोणी धरू नका रे."