कार्डाचा कूलर

स्क्रीनवरचा आकडा पंच्याण्णव अंशांवर गेला आणि कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला.

"गेला," ऋत्विक म्हणाला. त्याने बाहीने घाम पुसला आणि कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू परत उघडली.

अपेक्षाने घड्याळाकडे पाहिलं. दुपार कलायला लागली होती. पुण्याच्या स्टुडिओला पाचच्या आत काम पाठवायचं, असं तिने घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. परीक्षा म्हणून त्यांनी एक छोटं चलचित्र मागितलं होतं. तिने पाण्याच्या ग्लासात विरघळत जाणारी चिमूटभर हळद केली होती. महिनाभर खपून केली होती. आता कॉम्प्युटरने ते दृश्य सलग काढून द्यायचं एवढंच उरलंय, असंही तिने सांगितलं होतं. त्याला अर्धा तास पुरला असता, पण तेवढा वेळ ग्राफिक्स कार्डाने दम धरायला हवा होता. पास झाली तर नोकरी, आणि नोकरी म्हणजे पुणे.

कार्डाचे जुने पंखे घरघरायला लागले होते. म्हणून ती अमडापूरला माहेरी गेलेली असताना ऋत्विकने ते काढून बाहेरून घेतलेला मोठा कूलर बसवला. ती काल परतली. तेव्हापासून कार्ड तापतच होतं.

"काय बिघडलं बापा?" सासूबाई, सत्यभामाबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कूलर बसून नाही राह्यला, आई."

"कूलर तं खिडकीत हाय."

"हा कार्डाचा कूलर."

"एवढुसा? अन् याच्यात पाणी कुठून टाकता?"

ऋत्विक हसला. अपेक्षाही हसली. सत्यभामाबाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. "सून जाईन पुण्याले अन् पोरगा राहीन पिंपळगावात. लोकायनं इचारलं तं काय सांगू मी?"

"आई, तू जाय बरं. तिचं काम हाय. मी करून राह्यलो ना."

त्या गेल्या. अपेक्षाने ऋत्विककडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

खामगावात त्याचं रिपेरिंगचं दुकान होतं. असे कूलर त्याने कितीतरी जणांना बसवून दिले होते. अपेक्षा फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली होती, पण लग्नापासून घरात एक वाटणी ठरून गेली होती. डब्याच्या आतलं त्याचं, स्क्रीनवरचं तिचं. तिने टॉर्च धरायचा.

तिने टॉर्च धरला. त्याने कूलर उतरवला, चिपवरची पेस्ट जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसली, नवी लावली आणि स्क्रू आवळले. आकडा पुन्हा वर गेला. मग त्याने पंख्याची वायर बदलून पाहिली. काही फरक पडला नाही.

"मे महिना हाय," तो म्हणाला. "आपल्याच जिवाची लाही होते, तं कार्डाचं काय."

"खिडकीतला कूलर याच्यावर धरून पाहू?" तिने विचारलं.

दोघांनी मिळून खिडकीतला कूलर ओढत आणला आणि त्याचं तोंड उघड्या डब्याकडे केलं. वाळ्याचा वास खोलीभर पसरला. टेबलावरचे कागद उडाले. स्क्रीनवरचा आकडा एका अंशानेही खाली आला नाही.

अपेक्षाने आत हात घालून नव्या कूलरच्या पत्र्यांवर बोट टेकवलं.

"थंडगार लागते," ती म्हणाली.

"मंग चांगलंच हाय ना. कूलर काम करून राह्यला."

ती थोडा वेळ तशीच बोट टेकवून उभी राहिली. "हो," ती म्हणाली.

"मांगच्या साली नागपूरच्या नोकरीच्या टायमाले हार्ड डिस्क गेली, आता हे. आपलं नशीबच असं हाय."

"हो," ती पुन्हा म्हणाली.

चार वाजले. ऋत्विक हत्यारं गोळा करायला लागला.

"अजून वेळ हाये," अपेक्षा म्हणाली. "एकदा उघडून पाहा ना. तुमच्यानं होईन."

स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात होता. तो त्याने बोटांमध्ये फिरवला, डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"कार्डच जळून जाईन," तो म्हणाला. "तुयासाठीच सांगून राह्यलो."

"एकदाच."

"राहू दे आता."

त्याने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. ती खुर्चीत बसून राहिली, मधूनमधून त्याच्याकडे पाहत. तो मोबाइल चाळत पडला. पाच वाजून गेले तेव्हा तो उठून तिच्याजवळ आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुढच्या साली करू. मी हाव ना."

"तुम्ही दिवसभर खपले," ती म्हणाली. "चहा मांडते."

चहाला उकळी येईपर्यंत आतल्या खोलीतून पंख्याचा एकसारखा आवाज यायला लागला होता. ती कप घेऊन आली. कार्डावर पूर्ण भार होता आणि आकडा एकसष्टवर स्थिर होता.

"सापडलं पाय," ऋत्विक म्हणाला. "स्क्रूखालचे वॉशर जाड होते. कूलरचं तांबं चिपले टेकतच नव्हतं. बारीक टाकले, लगेच बसला. थोडं अगोदर ध्यानात आलं असतं तं."

"हो ना," अपेक्षा म्हणाली आणि त्याच्या हातात कप दिला.

स्टुडिओची मुदत परवाच संपली होती. त्याच दिवशी माहेराजवळच्या चिखलीहून, मैत्रीण वैष्णवीच्या कॉम्प्युटरवरून, तिची हळद पुण्याला पोचलीही होती. आज पाचपर्यंतची मुदत तिने ऋत्विकला दिली होती.