सातचा ठोका

"सात तास उशीर झाला तरी काही बिघडत नाही," गेरहाना म्हणाली, आणि स्वतःच्याच वाक्यावर अडखळली.

समोर लिंतांग बसली होती. लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले. सकाळी सातची गोळी तिला दुपारी दोनला आठवली होती आणि ती डोळे पुसतच गावच्या दवाखान्यात आली होती. गेरहाना इथली सुईण. तिनं पुन्हा समजावलं, "गोळी आत अंडं तयार होऊ देत नाही. रोज ठरल्या वेळी घेतली की शरीर तिचं ऐकतं. एखादी राहिली तर आठवल्याबरोबर घ्यायची. ओळीनं दोन-तीन बुडाल्या, तर मात्र माझ्याकडे यायचं. अंगावर पाजणाऱ्या बायकांची गोळी निराळी, तिला तीन तासांचाही उशीर खपत नाही. तुझी ती नव्हे. जा, घरी जाऊन नीट जेव."

बाकावर रक्तदाब तपासायला बसलेली म्हातारी तुकीनेम खुदकन हसली. "सात तासांनी काही होत नाही म्हणे. मग तू गं कशी झालीस?"

सगळी ओसरी हसली. गेरहानाही हसली. गेली चाळीस वर्षं ती अशीच हसत आली होती.

गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. तेव्हा जावातल्या या खेड्यात घड्याळं मोजकी होती. संध्याकाळी बरोबर सातला गेरहानाचा बाप, वाकिजान, चावडीसमोर जायचा आणि फणसाच्या पोकळ लाकडाचा केंतोंगान ठोकायचा. टोक-टोक-टोक. घराघरांत डाव थांबायचा, पाण्याचा पेला उचलला जायचा आणि बायका गोळी गिळायच्या. चावडीत गावाचा नकाशा होता. ज्या घरात गोळी, ते घर निळं. वाकिजानचं घर सगळ्यांत आधी निळं झालं. दोन मुलगे होते, पुरे होते. पूर येवो, ताप येवो, त्याचा ठोका कधी चुकला नाही. काय दिवस होते ते! अजूनही सात वाजले की गावातल्या म्हाताऱ्यांचा हात नकळत पेल्याकडे जातो.

मग त्र्याऐंशी सालचं ग्रहण आलं. दारं-खिडक्या लावून लोक घरात बसले. भर दुपारी काळोख झाला, कोंबड्या खुराड्यात शिरल्या. वाकिजान धावत सुटला आणि सूर्य गिळणाऱ्या राक्षसाला हाकलायला केंतोंगान बडवू लागला. इकडे त्याची बायको सुमिना काळोखात ठोका ऐकून गोळी गिळून बसली. खरे सात वाजले तेव्हा म्हणाली, माझी झाली घेऊन. पुढची गोळी दुसऱ्या दिवशी सातला. सात तासांचा घोळ. नऊ महिन्यांनी मुलगी झाली. तिचं नाव गेरहाना, म्हणजे ग्रहणच, गावानंच ठेवलं.

बाप ही गोष्ट तिला मांडीवर घेऊन सांगायचा. "राक्षस पळाला आणि तू आलीस. आपली तांबडी कोंबडी मात्र ग्रहण बाधून अंडी द्यायची थांबली." तो हसायचा, तीही हसायची. पण शाळेत पोरं तिला 'चुकून झालेली' म्हणायची, आणि ते बोलणं तिच्या मनात काट्यासारखं राहून गेलं. आईबापाला आपण नकोच होतो, हे तिनं लहानपणीच धरून ठेवलं होतं. उशिराचा नियम तिनं शेकडो बायकांना सांगितला. स्वतःला लावून पाहायचं धाडस कधी झालं नव्हतं.

ऊन कलायच्या आत ती घरी आली. सुमिना मागच्या दारी आंबवायच्या सोयाबीनचं तेंपे केळीच्या पानांत बांधत बसली होती.

"इबू," गेरहाना म्हणाली, "सात तासांनी मूल होत नाही."

आईनं पानाची घडी पुरती केली. "गावात नको बोलूस."

"गावाचं सोड. तू त्या दिवशी खरंच फसलीस का?"

सुमिना परसातल्या रिकाम्या खुराड्याकडे बघत राहिली. मग हळूच हसली. "सगळ्या गावाला गोळीची आठवण करून देणारा माणूस. सात वाजता तो चावडीपाशी, पोरं कुराण शिकायला. घरात बघायला कोण होतं? त्याला तोंडावर कसं सांगणार, मला आणखी एक हवं म्हणून? चावडीत मान खाली गेली असती त्याची. ग्रहण आलं ते बरं झालं. लोकांना हसायला मिळालं, मला निमित्त."

"म्हणजे गोळ्या तू फेकून दिल्यास?"

"सरकारी औषध फेकतात का कुणी?" सुमिना म्हणाली. "ती तांबडी ग्रहण बाधून नव्हती थांबली. त्याच्या पंधरा दिवस आधीच तिची अंडी बंद झाली होती."

गेरहाना सुईण होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाही लागली, दोन्ही एकदमच.

आईनं तिच्या गालावर ओलसर हात ठेवला. "मला तू हवी होतीस. रोज सातच्या ठोक्याला तांबडीला भातात कालवून गोळी दिली. चूक कसली, पोरी? एक दिवसही वेळ चुकवली नाही मी."